आरशातला झीलकरी

फार पूर्वी एका राज्यात घरोघरी एक आरसा असे, पण तो तोंड पाहण्यासाठी नसे. आरशासमोर बसून त्याच्या काचेला बोट लावले की माणूस खेळात उतरे. डोंगरापलीकडचा कुंभार आणि नदीकाठची कोळीण, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे, एका टोळीत येत आणि गुहेतल्या दगडी राक्षसाशी लढत. कुणी ढालकरी होई, कुणी तिरंदाज, कुणी वैदू. प्रत्येकाच्या डोक्यावर एक इवलीशी ज्योत दिसे. ती म्हणजे त्याचा दम. ज्योत विझली की गडी बाद.

हे आरसे राजधानीतल्या खेळघरात तयार होत. तिथे एक कारागीर होता. खेळातले गवत रंगवणे हे त्याचे काम. सात वर्षे त्याने गवतच रंगवले. राक्षस रंगवणारे त्याला ‘गवत्या’ म्हणत आणि तोही त्या हाकेला ओ देई.

एकदा त्याने धीर करून खेळघराच्या कारभाऱ्यांपुढे मनातली गोष्ट मांडली. टोळीत एक शाहीर असावा. तो वार करणार नाही, पण त्याच्या गाण्याने बाकीच्यांना बळ येईल. कारभाऱ्यांनी सुपारी कातरता कातरता सगळे ऐकून घेतले.

“कर,” ते म्हणाले. “पण जत्रेच्या दिवशी एखाद्या टोळीनं आपणहून तुझ्या गाणाऱ्याला हाक मारली पाहिजे. नाही मारली, तर तो पुसायचा आणि तू परत गवताकडं.”

कारागिराने शाहीर घडवला. फेटा, डफ, अंगरखा, सगळे मन लावून केले. तो गायला की टोळीला चिमूटभर बळ मिळे. पण त्याला कुणी सोबत घेईना. चाचणीला एक पैलवान येत असे, नेहमीचा ढालकरी. तो म्हणाला, “गाणारा वरातीत न्यावा. राक्षसापुढं नेऊन काय त्याची सोयरीक जुळवायची?” खेळघर हसले. कारागीरही कसनुसा हसला.

मग त्याने गाण्याचे बळ दसपट केले. डफावर एकदा थाप मारली की गाणे आपोआप चालू राही आणि टोळीतला प्रत्येक जण वाघ होई. आता शाहिराला जिकडून तिकडून हाका येऊ लागल्या. राक्षस दिवसातून चाळीस वेळा पडू लागला. जे काल हसत होते ते आज कारागिराला पानाचा विडा देऊ लागले. जत्रेला चारच दिवस उरले होते.

त्या आनंदात तो शेजारच्या वाडीत खेळ पाहायला गेला. एका ओसरीवर आरशात शाहीर रंगात येऊन गात होता, पण आरशापुढचा पाट रिकामा होता. खेळणारा शेतकरी गोठ्यात बैलांना पाणी दाखवत होता. कारागिराने विचारले तर तो म्हणाला, “तो गातोय की. मी नसलो म्हणून त्याचं काय अडतंय?”

तेवढ्यात राक्षस पडला. टोळीतल्यांनी एकमेकांची नावे घेऊन शाबासकी दिली. शाहिराचे नाव कुणी घेतले नाही. शेतकऱ्यालाही त्याचे काही वाटले नाही. त्याने दुसऱ्या बैलापुढे बादली सरकवली.

कारागीर घरी निघाला. त्याच्या गल्लीत एक म्हातारा झीलकरी राहत असे. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागे उभा राहून त्याची ओळ उचलून धरणारा. चाळीस वर्षे म्हातारा मागेच उभा होता. कारागिराने त्याला विचारले, “बाबा, मागं उभं राहून तुम्ही काय गाता?”

“गातो थोडं, बघतो जास्त,” म्हातारा म्हणाला. “शाहिराच्या मानेची शीर बघतो. ती ताणली की त्याचा दम सरत आलाय, हे मला त्याच्या आधी कळतं. तिथं मी ओळ उचलायची. आधी उचलली तर मी त्याचं गाणं खाल्लं. उशीर केला तर तो उघडा पडला.”

“आणि लोकांना हे कळतं?”

“लोकांना कशाला? त्याला कळतं.”

कारागिराने मनाशी हिशेब मांडला. शाहीर आहे तसा ठेवला तर जत्रेत हाका येणार हे ठरलेले होते. हात लावला तर सात वर्षांनी मिळालेली संधी जाणार होती. सकाळी त्याने शाहीर मोडायला घेतला.

कारभारी म्हणाले, “अरे, चालती गाडी मोडतोस?”

“गाडी चालतेय,” कारागीर खाली बघत म्हणाला, “पण आत कुणी बसलेलं नाही.”

त्याने शाहिराचा झीलकरी केला. आपोआप चालणारे गाणे काढून टाकले. आता खेळणाऱ्याने सोबत्यांच्या ज्योतींकडे पाहत राहायचे आणि एखादी फडफडली की नेमक्या त्या क्षणी डफ वाजवायचा. वेळ साधली तर ज्योत पुन्हा उभी राही आणि तो डफ फक्त त्या सोबत्याच्या कानात घुमे. घाई केली तर थाप वाया जाई. उशीर झाला तर गडी हातचा जाई.

जत्रा भरली. खेळघराने मांडवात मोठा आरसा लावला होता. दुपारपर्यंत झीलकऱ्याला एकही हाक आली नाही. आयते गाणे गेले म्हणून लोक उलट कुरकुरत होते. कारागिराने आपले गवताचे कुंचले धुऊन मांडवाच्या कडेला वाळत घातले.

दुपारी पैलवान मांडवात खेळायला बसला. त्याच्या टोळीत एक जण कमी पडत होता. दूरच्या गावाहून कुणीतरी झीलकरी होऊन आत आले. पैलवानाने नाक मुरडले, पण घेतले. ती एक विणकरीण होती. धागा तुटायच्या आधी ओळखण्याची तिच्या डोळ्यांना सवय होती. राक्षसाचा हात तिसऱ्यांदा ढालीवर आदळला, पैलवानाची ज्योत फडफडली आणि तिने डफावर थाप मारली. ज्योत पुन्हा उभी राहिली. राक्षस पडला. लोकांनी पैलवानाला खांद्यावर घेतले.

दुसऱ्या डावात पैलवानाने तिच्या जागी आणखी एक तिरंदाज घेतला. तिसरा तडाखा बसला, ज्योत फडफडली आणि विझली. पैलवान चिडला नाही. तो कानाला हात लावून बसला होता.

“मघाशी इथंच माझ्या कानात डफ वाजला होता,” तो म्हणाला. “तो वाजवणारा कोण होता? त्याला बोलवा. तो माझ्या मागं उभा राहिल्याशिवाय मी गुहेत पाय टाकणार नाही.”

कारभाऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि कारागिराकडे पाहिले. कारागीर मान वळवून वाळत घातलेले कुंचले गोळा करत होता. ते त्याने आपल्या जागी गवत रंगवणाऱ्या नव्या माणसाच्या हाती दिले.

तिकडे दूरच्या गावात आरशातून हाक आली, तेव्हा विणकरीण पुन्हा मागावर बसली होती. तिने धोटा बाजूला ठेवला, पाट ओढला आणि आरशापुढे नीट मांडी घालून बसली.

तात्पर्य: आपले गाणे चालू ठेवणे म्हणजे साथ नव्हे, सोबत्याचा दम कुठे सरतो तिकडे ज्याची नजर, त्याचीच खरी साथ.