धुरळ्याचा मान

त्या राज्यात मोठेपणा धुरळ्यावर मोजत. ज्याच्या टापांनी धूळ जास्त उंच उडे, तो मोठा. बुरुजावर एक करकोचा टेहळणीला बसवलेला असे. खिंडीकडून धुरळा उठला की तो चोच वाजवी, आणि मगच माल पोचला असं वेशीवर धरत. धुरळ्याशिवाय आलेली वस्तू आलीच नाही, असा रिवाज होता. धूळ चांगली उडावी म्हणून वाटेवर मुद्दाम मऊ माती पसरत, इतकी हौस.

वज्रखूर हा तिथला सगळ्यात मानाचा घोडा. खिंडीपलीकडच्या रानातून मध आणायचं काम त्याच्याकडे होतं. तो धावे देखणा, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. त्याच्या पाठीवर एका बाजूला मधाचा बुधला असे आणि दुसऱ्या बाजूला वाटेत त्याला स्वतःला लागणारा चारा. पुढे वाटेवरची कुरणं चरून संपली, तसा चाऱ्याचा भारा वाढत गेला आणि बुधला लहान होत गेला. शेवटी शेवटी तो मुख्यतः स्वतःचा चाराच वाहत होता. बडा घर पोकळ वासा, पण वेशीवर हे कोणी बोलत नसे. धुरळा तर उंच होता ना!

अशात त्याची घोडी रेवती खोकू लागली. छातीत धूळ बसली आहे, रोज मध चाटवा, असं वैद्यकी करणाऱ्या माकडिणीने सांगितलं. पण त्या इवल्याशा बुधल्यातून साऱ्या राज्यात वाटून रेवतीच्या वाट्याला कितीसा येणार? वज्रखूर आणखी जोरात धावू लागला. तो जितका धावे तितका चारा जास्त लागे, आणि तितकी रेवती जास्त खोके. त्या बिचाऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. धावण्यापलीकडे त्याला दुसरं काही येत नव्हतं. मग एक दिवस चाराही संपला आणि तो घरी बसला.

तेव्हा शिळाई नावाची घोरपड पुढे आली आणि मी आणते म्हणाली. वेशीवर हशा पिकला. हिला ना टाप, ना आवाज. शिवाय दगडावर पडून ऊन खाल्ल्याशिवाय हिच्या अंगात हालचाल येत नाही, ढग आले की तिथेच मुक्काम. हे शेवटचं खरंच होतं, आणि शिळाईने ते नाकारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "ऊन पाठीवर वाहून न्यावं लागत नाही."

ती बहिणींना घेऊन गेली. मध्येच आभाळ भरून आलं, घोरपडी अडकून पडल्या आणि हसणाऱ्यांना आणखी हसायला मिळालं. मग ऊन पडलं. एका दुपारी वज्रखूर वेशीपाशी उभा असताना त्याच्या पायाजवळून काहीतरी सरपटत गेलं. शिळाई होती. तिच्यामागे तिच्या बहिणी, एकीमागे एक, प्रत्येकीच्या पाठीवर काठोकाठ भरलेला बुधला. एका खेपेत एवढा मध वज्रखुराने जन्मात पाहिला नव्हता. त्याला हेवा वाटायला हवा होता. वाटलं ते कौतुक, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

करकोच्याने मात्र चोच वाजवली नाही. धुरळा दिसला नाही, तेव्हा कोणी आलेलं नाही, असं त्याने वरूनच कळवलं. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याची हयात गेली होती. मध वेशीबाहेर अडला. मग पंचांनी तोड काढली. घोरपडींच्या मागून वज्रखुराने धावावं आणि धुरळा उठवावा, म्हणजे मध आला असं धरता येईल. सगळ्यांना ती पटली. वज्रखुराचा मानही राहत होता.

तो घोरपडींच्या मागे जाऊन उभा राहिला. शिळाईने मान वळवली. "दादा, आम्ही जरा पुढे गेल्यावर धावा. बुधल्यांना झाकणं नाहीत."

त्याने खूर उचलला. समोर वेशीच्या गर्दीत रेवती उभी होती. धुरळा येणार म्हणून तिने सवयीने आधीच श्वास रोखून धरला होता. वज्रखूर तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने तो खूर हळूच खाली टेकवला.

"मध आलाय," तो बुरुजाकडे पाहून म्हणाला. "खाली उतरून बघा."

राज्यातल्या सगळ्यात उंच धुरळ्याचा शब्द मोडणार कोण? करकोचा कधी नव्हे तो खाली आला आणि त्याने बुधल्यात चोच बुडवली. मग तो चोच वाजवायला गेला, पण ती मधाने चिकटून बसली होती. वाजलं काहीच नाही. वेस उघडली.

रेवती पोटभर मध चाटून संध्याकाळी घरी निघाली. वज्रखूर तिच्या बाजूने एकेक पाऊल अलगद टाकत चालला होता. बरेच दिवस खिंडीत कोणी धावलं नव्हतं, आणि माती वाटेवर मुकाट पडून होती. चालता चालता रेवती थांबली. खिंडीच्या पलीकडे एक मोठा निळा डोंगर उभा होता.

"अहो," तिने विचारलं, "हा कधी आला?"