तिरपीचा चिमटा

तिरपीचं कुणी खरं मानलं नाही. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा घसा फोडून सांगितलं. पहिल्याच दिवशी मानलं असतं, तर एक पोर तापात इतकी भाजली नसती.

ही पोर सात वर्षांची. तिच्या अंगात, जबड्याखालच्या चिंचोक्याएवढ्या गाठीत एक गाव होतं. त्या गावात चिमटेवाल्या बायका राहत. डॉक्टर लोक त्यांना बी-पेशी म्हणतात आणि त्यांच्या चिमट्यांना प्रतिपिंडं. गावात आपलं साधं चिमटेच म्हणत.

प्रत्येकीचा चिमटा निराळा. जन्मताना जो आकार हाती आला तो आला, दुसरा मागायची सोय नाही. त्या आकाराचा जंतू भेटला तर जन्माचं सार्थक, नाही भेटला तर बसा हात चोळत. तिरपीचा चिमटा तीन ठिकाणी वाकलेला होता. शेजारणी हसायच्या.

"तिरपे, हा कुणाला लावणार गं? गोगलगायीला?"

"तुझ्या जिभेला लावून बघू का आधी?" तिरपी म्हणायची.

एका सकाळी घशाच्या वाटेने एक जंतू आत शिरला आणि वाहत वाहत गाठीत आला. अंगाला बुळबुळ, पाठीवर वाकडा काटा. तिरपीचा चिमटा त्या काट्यावर खटकन बसला. इतका नेमका बसला, की तिलाच घाम फुटला. तिने जंतू ओढला, गिळला, त्याचे तुकडे केले. एक तुकडा तळहातावर ठेवून ती पंचाकडे पळाली.

गावाची रीत तशी होती. चिमटेवालीने एकटीने कुणाला शत्रू ठरवायचं नाही. वेशीवरचा टेहळ्या आलेल्या पाहुण्याचा तुकडा पंचाकडे आणून देई. चिमटेवालीने आपला तुकडा दाखवायचा, दोन्ही जुळले की पंच मान हलवणार, मगच चिमट्यांची घडाई सुरू. रीत खुळी नव्हती. दुसऱ्या एका अंगात अशाच एकीने कुणाला न विचारता आपल्याच सांध्यांना चिमटे लावले होते. ते अंग अजून कण्हतंय.

पंच पान लावत बसला होता.

"पंचबुवा, शत्रू आलाय. हा तुकडा बघा."

"काल एक आली होती, शेंगदाण्याचं टरफल घेऊन. तीही हेच म्हणत होती. तुम्हा बायकांना जो तो शत्रूच दिसतो."

"अहो, बघा तरी!"

"तिरपा चिमटा, तिरपं डोकं. उद्या ये."

उद्यापर्यंत एका जंतूचे हजारो झाले. पोरीला ताप चढला, गाव तव्यासारखं तापलं. गावाचे राखणदार म्हणजे खादाड पेशी. दिसेल तो जंतू गिळायचा, एवढंच त्यांचं काम. पण हे बुळबुळीत जंतू ओल्या साबणासारखे हातातून निसटायचे. तिरपी परत पंचाकडे गेली.

"ऊन लागलं असेल पोरीला," पंच म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

तिसऱ्या दिवशी पोरीला धाप लागली. आई कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती, आणि त्या ठेवताक्षणी सुकत होत्या. तिरपीने पंचाच्या दारात बसकण मारली.

"नाही म्हणायचं तर बघून म्हणा! मी खोटी निघाले तर माझा चिमटा मोडून चुलीत घाला. पण पोर गेली तर तुमची पंचकी कुठं मांडणार? मसणात?"

गाव गोळा झालं. लाजेकाजेस्तव पंचाने हात पुढे केला. तेवढ्यात टेहळ्या म्हणाला, "पंचबुवा, मी परवा दिलेला तुकडा कुठाय?"

पंचाने खिसा चाचपला. तुकडा खिशातच होता, पुडीसुद्धा सोडलेली नव्हती. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. हुबेहूब! पंचाने मान हलवली.

मग काय विचारता! एका तिरपीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, दोन दिवसांत हजारो, आणि सगळ्यांच्या हाती तोच वाकडा चिमटा. रक्तात चिमटेच चिमटे सुटले. चिमटा कुणाला मारत नाही. तो जंतूला धरतो आणि लोंबत राहतो. त्याची मूठ तेवढी बाहेर राहते, आणि खादाडांना तीच हवी होती. मूठ धरायची, जंतू तोंडात टाकायचा. पाचव्या दिवशी ताप उतरला. पोरीने मेतकूट-भात मागितला.

तिरपीच्या बहुतेक लेकी राबून राबून गेल्या. थोड्या उरल्या, त्यांनी त्या काट्याचा आकार जन्मभरासाठी डोक्यात ठेवला. तो जंतू परत आला तर आता पाच दिवस लागणार नाहीत.

चावडी भरली. उशीर कुणामुळे झाला? कुणी खादाडांना बोल लावला, कुणी तिरपीलाच, आधीच का नाही ओरडली म्हणून. पंच म्हणाला, "रीतच वाईट. मोडून टाका."

तिरपी ताडकन उठली. "रीत मोडलीत तर उद्या आपलेच सांधे धरले जातील. रीतीने बघायला सांगितलं होतं, खिशात ठेवायला नाही!"

गावाने त्याच बैठकीत दुसरा पंच नेमला.

तात्पर्य: ज्याच्या होकारावर दुसऱ्याचा जीव अडलेला असतो, त्याने नाही म्हणण्याआधी निदान डोळे उघडून बघावं. गावाने दोष रीतीला दिला नाही, खादाडांना दिला नाही, तिरपीला तर नाहीच नाही. दिला तो त्या पंचाला, आणि त्याचं नाव गोंदाजी.