सोन्याच्या रंगाचं बाळ

खूप खूप वर्षांपूर्वी, आपल्या पणजीची पणजीसुद्धा रांगायला लागली नव्हती तेव्हा, एक गाव होतं. त्या गावात एक भारी पद्धत होती. दर बाजाराला वैद्यबाई पारावर बसायच्या, आणि गावातलं प्रत्येक तान्हं बाळ त्यांना दाखवायचं. आजारी असो नाहीतर गुटगुटीत. बाई बाळाला तराजूत घालायच्या, पोट दाबायच्या, कानाशी टाळी वाजवायच्या. बाळ जाम बोंबलायचं. बाई खूश व्हायच्या.

एका घरात पहिलीच नात झाली. सासूबाईंचे पाय जमिनीला टेकेनात.

बाजाराचा दिवस आला. सून म्हणाली, "आत्याबाई, छकुलीला पारावर नेऊन आणू का?"

"कशाला?" सासूबाई कडाडल्या. "माझी नात काय वांगं आहे, बाजारात तोलायला? अन् गावभरच्या नजरा कोण काढणार?"

"पण सगळ्याच नेतात..."

"ज्यांची किरकिरी आहेत, त्या नेतात. आपली बघ कशी ठणठणीत!"

सुनेने बाळाला पुन्हा मांडीवर घेतलं. बाळ दूध नीट ओढत नव्हतं, ते तिला टोचत होतं. पण पहिलटकरणीचं ऐकतंय कोण?

सासूबाई रोज बाळाला साय-हळद चोळायच्या. शेजारणी बघून वेड्याच व्हायच्या.

"अगं बाई, काय गुणी लेक! हूं नाही की चूं नाही."

"आणि रंग बघा, नुसतं सोनं!"

सासूबाई फुगून टम्म.

मग आलं बारसं. वैद्यबाईंनाही बोलावणं होतं. घरात असला कलकलाट, की छपरावरचे कावळे उडाले. बाळ मात्र ढिम्म झोपलेलं.

बाईंच्या हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. त्या उठून पाळण्यापाशी गेल्या, पदर ओला केला आणि बाळाचं कपाळ पुसलं. पदराला हळद लागली. दुसऱ्या टोकाने पुन्हा पुसलं. पदर स्वच्छ. बाळ तरीही पिवळंच!

बाईंनी हळूच पापणी वर केली.

"अहो," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "डोळ्यांतपण हळद घातलीत का?"

पाळणा म्हणणाऱ्या बायका गाता गाता थांबल्या. एकीच्या हातातलं ताट खाली पडलं. बाळाच्या डोळ्यातलं पांढरं पार पिवळंधमक झालं होतं.

"कावीळ आहे ही! पार भिनलीय. गुणी कसली, पोरीत रडायचं त्राणच नाही! अहो, पारावर आणली असती तर तेव्हाच दिसलं असतं मला!"

बाईंनी बाळ उचललं आणि औषधासाठी थेट आपल्या घराकडे धूम ठोकली. चप्पल वाटेत पडली, तरी थांबल्या नाहीत. मागे सून, ओली बाळंतीण, अनवाणी.

पोरगी वाचली. पुढे धावायला लागली, झाडावर चढायला लागली. ती हसली की अख्खी आळी हसायची. पण आई मागून हाक मारायची, तेव्हा ती वळायची नाही. कावीळ गेली ती तिचं ऐकणं घेऊनच.

तेव्हापासून कुणाकडे बाळ झालं की ही आई दारात हजर. "ठणठणीत आहे ना? मग ऊठ, तेच बाईंच्या तोंडून ऐकू!" कुणी कुरकुर केली, तर ती भांडायची नाही. अंगणात खेळणाऱ्या आपल्या लेकीला मागून हाक मारायची. मोठ्याने. परत एकदा.

समोरची गुपचूप बाळ दुपट्यात गुंडाळायला लागायची.

तात्पर्य : बाळ दिसायला कितीही छान असू दे, ठरलेल्या दिवशी तपासून आणायचं म्हणजे आणायचंच.