बोटभर आणि हातभर

मोबाइल घरोघर नुकतेच पोहोचले होते, तेव्हाची ही गोष्ट. हरवलेल्या हिरोजी पोपटाच्या शोधासाठी केलेल्या वेबपानावर तिघे एका ओळीत राहत. चित्रताईंच्या अंगावर पोपट होता. मजकूरकाका सांगत, “हा ‘सरक की’ म्हणतो.” धाकट्या बटणावर लिहिलं होतं, ‘मला दिसला’.

तिथली रीत अशी, की प्रत्येकाने आपली किमान रुंदी लिहून द्यायची. त्याहून अरुंद त्याला कुणी करू शकत नसे. बटणाने बोटभर मागितली, ताईंनी हातभर. काकांनी काहीच मागितलं नाही.

संगणकावर सगळे ऐसपैस नाचत होते. मग एक दिवस शेजारच्या गल्लीतल्या लीनाबाईंनी पान मोबाइलवर उघडलं. हिरोजी त्यांच्याच खिडकीत बसला होता! पडदा चिंचोळा. काका एका अक्षराएवढे झाले, तरी बटण काठाबाहेर ढकललं गेलं.

बटण म्हणालं, “ताई, जरा अंग चोरा. लीनाबाईंना मला दाबता आलं नाही, तर पोपट उडून जाईल.”

“हातभर लिहून दिलंय. माझा हक्क आहे.”

“माझं बोटभर त्यांच्या बोटासाठी आहे. तुमचं हातभर कशासाठी?”

“शोभेसाठी.”

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, “सरक की.”

ताई दचकल्या. ज्याच्या पिसांवर त्या मिरवत होत्या, तोच बोलला होता. त्यांनी आपलं लिहून दिलेलं ‘हातभर’ खोडलं आणि आक्रसत पेरूच्या फोडीएवढ्या झाल्या. पोपट तरीही पोपटच दिसत होता. काकांनी श्वास घेतला, बटण गिरक्या घेत आत आलं, आणि लीनाबाईंचं बोट त्यावर टेकलं.

संध्याकाळी घरी पोहोचलेला हिरोजी घरच्या मोबाइलवरच्या चिमुकल्या पोपटाला म्हणाला, “सरक की.”

ताई हसून आणखी चार ठिपके सरकल्या.