चौथ्या घरापर्यंत शून्य

“शून्य म्हणजे किती शून्य?” करंबेळकर बाईंनी विचारलं.

“दशांशचिन्हापुढे चौथ्या घरापर्यंत, बाई! एकाही अणूवर कसली ओढ उरलेली नाही. अणूंची जाळी बसली ती बसली.”

कौस्तुभ वाघचौरेची छाती तेव्हा बघायला हवी होती. स्फटिकातले अणू कसे बसतील ते कॉम्प्युटरवर गणित करून काढायचं, आणि त्यातून वीज वाहील की नाही ते आधीच सांगायचं, ही बाईंची विद्या. ती शिकायला आलेला हा पोरगा तिसऱ्याच वर्षी विभागभर मिरवत होता. आणि का मिरवू नये? वीज खुशाल वाहून नेईल असा नवाकोरा पदार्थ त्याने गणितातून काढला होता. त्याने एकदा हो म्हटलं, की प्रयोगशाळेतली पाच माणसं वर्षभर भट्टीपुढे बसून तो स्फटिक घडवणार होती. शोधनिबंधावर पहिलं नाव अर्थात त्याचं!

“हा मधला अणू हलत का नाही रे?”

“हलेल कसा? सहा बाजूंना सहा शेजारी. सगळे सारखंच ओढतात.”

“हे तू पाहिलंस, की ठरवलंस?”

“ठरवलं... म्हणजे सगळ्या बाजू सारख्या ठेवायच्या, अशी अट गणितात आधीच घालतात. सगळेच घालतात, बाई. नाहीतर चार तासांचं गणित आठवडाभर चालतं.”

बाई उठल्या. ताठ उभ्या कौस्तुभच्या खांद्याला त्यांनी नुसतं एक बोट लावलं. गडी बेसावध, जो डगमगला तो मागच्या बाकावरच आदळला.

“बाई, हे काय!”

“आता हेच त्या अणूला कर.”

कौस्तुभ मनातून चरफडला. पण बाईंपुढे बोलायची छाती कुणाची? त्याने अट काढली, मधला अणू केसभर बाजूला सरकवला आणि गणित पुन्हा लावलं. होऊन जाऊ दे दुधाचं दूध, पाण्याचं पाणी!

नवव्या दिवशी तो आला, तो एवढंसं तोंड करून.

“ओढ शून्य होती ती नुसती तोलामुळे, बाई. केसभर सरकवला, तो अणू घसरतच गेला. मागोमाग शेजारीही कलले. सगळी जाळी वाकडी झाली, मगच थांबली. आणि त्या वाकड्या जाळीतून वीज... वाहतच नाही.”

बाईंनी त्याच्या हातातले आकडे घेऊन वरपासून खालपर्यंत तपासले.

“पाच माणसांचं वर्ष मातीत गेलं असतं. माझ्यापायी,” तो खाली बघत म्हणाला.

मग डोळे पुसून त्याने मान वर केली. जातिवंत ऐट, ती अशी थोडीच मरते!

“मी स्वतः जाऊन त्यांना सांगतो. पण माझी चूक कुणा ऐऱ्यागैऱ्याने नाही, करंबेळकर बाईंनी काढली, हेही ठणकावून सांगणार.”

“माझं नाव घ्यायचं नाही.”

“मग कुणाचं घेऊ?”

“त्या मधल्या अणूचं.”