गोजाबाईनं होडीला नदी पाजली

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते मला विचारू नका. माझ्या पणज्यालाही ती ऐकीवच होती. काळवी नदीच्या काठी कुंभारशेत नावाचं गाव, आणि त्या गावात गोजाबाई नावाची सून. तिचं माहेर पार नदीच्या मुखाशी, खाडीवर. आई लवकर गेली, म्हणून थोरल्या बहिणीनं, मंजुळानं, तिला वाढवलं होतं. पाठवणीच्या वेळी मंजुळा रडत म्हणाली, "येशील ना गो?" गोजा म्हणाली, "येईन!" म्हणाली खरी, पण यायचं कसं? वाटेत रान, रानात वाघ, आणि कुंभारशेतात औषधालासुद्धा होडी नव्हती. वर्षांमागून वर्षं गेली. बहिणीची आठवण आली की गोजा काठावर जाऊन मुखाच्या दिशेनं बघत बसायची.

एका पावसाळ्यात पुराबरोबर एक मोडकी होडी वाहत आली आणि बांबूच्या बेटात अडकून बसली. तिचा मालक वरच्या गावचा. तो हसत म्हणाला, "घेऊन जा, बाय. तिच्यात आता कोंबडीसुद्धा बसायची नाही." गोजाला तेवढंच हवं होतं. तिनं नवऱ्याला, धाकूला, सांगून टाकलं, "ही मी नीट करणार. दिवाळी झाली की मंजुळाकडे जाणार, आणि शिमग्यापर्यंत नदीवर मनसोक्त हिंडणार!" बिचाऱ्या धाकूनं मान डोलावली. न डोलावून सांगतो कोणाला!

गोजाचा बाप होडीतून कौलं न्यायचा, त्यामुळे हे काम तिनं लहानपणापासून पाहिलेलं. कुजक्या फळ्या काढून तिनं फणसाच्या बसवल्या, फटींत काथ्या ठोकला, वरून राळ चोपडली, धाकूच्या धोतराचं शीड शिवलं. असं म्हणतात, तिच्या हातोडीच्या तालावर गावातल्या सगळ्या कुंभारांची चाकं फिरायची, आणि त्या वर्षीची मडकी अशी काही गोल झाली की ठेवल्या जागी राहीनात, घरंगळत अंगणाबाहेर जायची.

शेवटचं एक काम राहिलं. कोरडं लाकूड आकसतं. भिजलं की फुगतं आणि फटी मिटतात. म्हणून गोजानं होडी पाण्यानं भरली, काठाशी बुडवून ठेवली आणि वल्ह्याचं लाकूड आणायला रानात गेली.

आता गाव पडलं कुंभारांचं! ओल राहिली की मडकं भट्टीत फुटतं, हे तिथल्या रांगत्या पोरालाही ठाऊक. गोजाची सासू ठमाबाई नदीवर आली, बुडालेली होडी पाहिली आणि तिनं कपाळावर हात मारला. "अरे देवा! पोरीची होडी भिजली की! धावा रे, धावा!" सगळं गाव धावलं. होडी ओढत चढावर नेली आणि मोठ्या मायेनं भट्टीशेजारी ठेवून चांगली खरपूस शेकली.

गोजा परत येऊन पाहते तो काय, फटींतून पलीकडची शेळी दिसत होती. उचलायला जावं तर फळ्या किरकिरायला लागल्या. उचलली असती तर सरपणच हाती आलं असतं. आणि नदी तर रोज उतरत होती. गावाखाली खडकांची एक ओळ होती. तिच्यावर पाणी असेपर्यंतच होडी पुढे जाणार. खडक उघडे पडले की वर्ष गेलं. गोजा मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. ठमाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझीच अक्कल शेण खायला गेली गो! काय करू, सांग."

गोजानं नाक पुसलं. "आये, होडी नदीवर जात नाही ना? मग नदीच वर आणा!"

पहिली घागर ठमाबाईनं ओतली. मग काय, कुंभारांच्या गावात घागरींना काय तोटा! नदीपासून भट्टीपर्यंत माणसांची रांग लागली. पाणी आत ओतावं, ते फटींतून भळाभळा बाहेर यावं, पुन्हा ओतावं. उतारावर ओहोळ वाहू लागला. म्हाताऱ्या गात होत्या, माणसं निसरड्यावर आपटत होती, हसत होती, पुन्हा उठून घागर उचलत होती. ठमाबाईच्या हाताला फोड आले, पण बाई थांबली नाही. हळूहळू लाकूड पाणी पिऊ लागलं. एकेक फट मिटली. गोजानं आत उतरून पाणी उपसलं, तसा ओहोळाला असा लोंढा आला की होडी गोजाला घेऊन आपसूक उताराला लागली. "अगं, मला तरी घे!" म्हणत धाकू वल्हं घेऊन मागून धावला आणि कसाबसा आत पडला.

खडकांवर तेव्हा जेमतेम वीतभर पाणी होतं. असं म्हणतात, नदीनं क्षणभर श्वास भरून घेतला, होडीला अलगद उचललं आणि पलीकडे ठेवलं.

मुखाशी मंजुळा तांदूळ धूत होती. शीड पाहून तिच्या हातची रोवळी पाण्यात गेली. "इतका उशीर का गो?" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग शिमग्यापर्यंत त्या होडीतून हिंडल्या, आणि धाकू दोघींना वल्हवून वल्हवून थकला, असं म्हणतात.

कुंभारशेतात अजूनही दिवाळीनंतर गोजाबाईची होडी भिजवतात. ती भट्टीपाशी चढावरच भिजवतात, आणि पाणी ओततात फक्त सासवा. भिजवल्यानंतरच्या पहिल्या फेरीला होडीत विकायची मडकी भरत नाहीत. जातात त्या माहेरी निघालेल्या सुना. एखादी सासू पार वाकलेली असते, घागर कशीबशी कमरेवर घेते. कोणी मदतीला पुढे झालं, तर ती खेकसते, "सोड म्हणते ना! माझ्या सुनेला मीच पोचवणार."