चाळीस जात्यांचे खुंटे

ही गोष्ट अगदी खरी आहे. खोटं सांगत असेन, तर माझ्या पानात जन्मभर कारल्याची भाजी पडो. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हणजे, गोष्ट फार पूर्वीची, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, पण पाहिली. मधे बोलू नका.

तर एक गाव होतं. फार कनवाळू गाव. इतकं कनवाळू, की राग यावा. तिथे चाळीस घरं होती. प्रत्येक घरापुढे कोरफड आणि प्रत्येक घरात जातं. त्या गावचं पीठ इतकं बारीक, की इथे कुणी शिंकलं तर शेजारच्या गावात भाकरी थापायला घ्यायचे. आणि भाकरी इतकी मऊ, की दात पडलेली माणसं लांबून तिथे राहायला यायची.

पीठ एवढं बारीक असण्याला कारण होतं. त्या गावात एक रीत होती. कुठूनही बाईची किंकाळी आली, की सगळ्या बायका पटकन जात्यावर बसायच्या, मूठभर ज्वारी टाकायच्या आणि मोठमोठ्यानं ओव्या म्हणत दळायला लागायच्या. का? तर त्या बिचारीची लाज झाकली जावी, चार लोकांच्या कानावर काही जाऊ नये! जाती घरघरली की किंकाळी ऐकू येत नसे. आणि ऐकू आली नाही, म्हणजे झालीच नाही. मग दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी त्याच पिठाची भाकरी आणि कोरफडीचा गर घेऊन तिच्याकडे जायच्या. डोळे पुसायच्या. "आम्ही आहोत हो," म्हणायच्या. आणि मनापासून म्हणायच्या, हेच तर डोकं फिरवणारं आहे!

त्या गावात एक हलवाई होता. त्याच्या पेढ्यांशिवाय बारसं होत नसे, लग्न लागत नसे. बोलायला तर पाकात घोळलेला. दूध आटवायला, खवा घोटायला त्याला बाया लागत. त्या तो दूरच्या डोंगरातल्या पाड्यांवरून आणायचा, जिच्या मागे कुणी चौकशीला येणार नाही अशी निवडून. "पोटभर जेवण, डोक्यावर छप्पर," असं सांगायचा. एकदा आत आली, की दाराला कडी. खवा कढईला लागला, की तो तापलेलं उलथणं घोटणारीच्या हाताला टेकवायचा. ती किंचाळली, की गावात चाळीस जाती सुरू.

अशाच एका घोटणारीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. घोटणं जमेना, तेव्हा हलवायानं तिला दाराबाहेर काढलं. ती देवळाच्या ओसरीवर राहू लागली. गावानं तिला काय जपलं म्हणता! सकाळी एका घरची भाकरी, संध्याकाळी दुसऱ्या घरची. कोरफड तर इतकी, की ओसरीवरून माणसं घसरायला लागली.

एके दिवशी सकाळी हलवायाची बैलगाडी वेशीतून आत आली. गाडीत जेमतेम सतरा वर्षांची एक मुलगी होती. मांडीवर गाठोडं. दुकानासमोर उतरताना आतली कढई बघून ती हसली. एवढी मोठी कढई तिनं कधी पाहिली नव्हती.

ओसरीवरच्या बाईनं ते हसू पाहिलं आणि ती उठून थेट पारावर गेली. पारावर पाटील बसले होते. पाटलीणबाई तिच्यासाठीच भाकरी घेऊन निघाल्या होत्या, त्याही थांबल्या.

"पाटील, त्या पोरीला त्या घरात ठेवू नका," ती म्हणाली.

"का गं?"

तिनं हात पुढे केला.

"अगं, माणूस स्वभावानं वाईट नाही तो," पाटील म्हणाले. तोंडात पेढा होता, म्हणून त्यांना हे दोनदा म्हणावं लागलं.

"आणि तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" पाटलीणबाई म्हणाल्या. "तिला भाजलंच, तर आम्ही आहोत की! कोरफड आत्ताच काढून ठेवते."

"भाजल्यावर लावायला?"

"मग काय भाजायच्या आधी लावायची?"

सगळा पार हसला.

"आधी दार उघडायचं असतं, पाटलीणबाई."

"अगं बाई! दुसऱ्याच्या दारात असं कसं जायचं? बरं दिसतं का ते?"

बाईनं भाकरी परत दिली. "मला नको ही."

"का? कडक झाली?"

"नाही. फार मऊ झालीय. मी ओरडत होते, तेव्हा तुम्ही अशाच भाकऱ्यांचं पीठ दळत होतात."

पाटलीणबाईंना फार लागलं. एवढं करायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं! त्या फणकाऱ्यानं घरी गेल्या.

आता पुढे कोण काय करणार? कुणी नाही. भाजलेला हात तिचा आणि चाळीस उंबरे झिजवायचे तेही तिनंच! मला इथे दर वेळी संताप येतो, पण गोष्ट अशीच आहे. तिनं एक टोपली डोक्यावर घेतली आणि घरोघर फिरली.

"काकू, तुमच्या जात्याचा खुंटा सैल झालाय. द्या, सुताराकडून बघून घेते."

"हो गं, हलतोच आहे. दळण फार झालं यंदा. ने बाई."

जातं फिरवायचा तो लाकडी खुंटा प्रत्येकीनं उपसून दिला. गाव कनवाळू, भाजलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? पाटलीणबाईंनी तोंड फिरवून दिला, पण दिला. "घे. आणि कडक भाकरी आवडत असेल, तर तसं सांगायचं माणसानं."

दुपारच्या जेवणापर्यंत टोपली भरली. ती घेऊन बाई हलवायाच्या बंद दारासमोर जाऊन बसली.

भांडी घासायची वेळ झाली आणि आतून किंकाळी आली.

गावभर बायका जात्याकडे धावल्या. बघतात तर खुंटा नाही! एकीनं भोकात लाटणं घातलं, ते मोडलं. एकीनं नुसत्या हातानं जात्याची वरची दगडी पाळ ढकलून पाहिली, बोट चेंगरलं. एक हुशार होती, तिनं जात्याशिवायच ओवी सुरू केली. पण घरघर नसली की चाल धरता येत नाही, दुसऱ्याच ओळीला ती गप्प झाली. सगळं गाव गप्प झालं.

मग दुसरी किंकाळी आली. ही सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.

"दार उघडा कुणीतरी! अहो, कुणी आहे का?"

किंकाळीत शब्द असतात, हे त्या गावाला तोवर माहीतच नव्हतं.

बायका घराबाहेर पळाल्या. आता तुम्हाला वाटेल, मुलीला सोडवायला पळाल्या. छे! खुंटे शोधायला. सगळ्या सुताराच्या दारात. सुतार म्हणाला, "माझ्याकडे कुठले? ती बया हलवायाच्या दाराशी बसलीय टोपली घेऊन." तो लोंढा तिकडे वळला.

"या," बाई म्हणाली. "आपापला ओळखून घ्या."

प्रत्येकीनं आपापला खुंटा उचलला. पण परत कुणी फिरेना. आतला आवाज इथे फारच जवळून येत होता. पाटलीणबाईंनी हातातल्या खुंट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. शेवटी बाईच्या हाताकडे पाहिलं. इतके दिवस रोज गर लावला होता त्या हाताला, पण असं पाहिलं नव्हतं.

त्यांनी खुंट्यानंच दार ठोठावलं.

हलवायानं तणतणत दार उघडलं आणि तिथेच थिजला. समोर चाळीस बाया, चाळिसांच्या हातात चाळीस दांडके. त्या मारायला आलेल्या नव्हत्या; पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

"क-काय हवं, वहिनी? पेढे?"

"पोरगी," पाटलीणबाई म्हणाल्या.

त्याच्या हातातलं उलथणं पायावर पडलं. तेव्हा जो ओरडला तो, तेही सगळ्यांनी नीट ऐकलं.

मुलगी बाहेर आली. मनगटावर एक लाल रेघ उठली होती, तेवढीच. बायांनी लगेच सुरुवात केली: "कशाला आलीस गं एकटी? आईनं पाठवलंच कसं? तू काही बोललीस का त्याला?"

"गप्प बसा," भाजलेली बाई म्हणाली. मुलीला तिनं आपल्या शेजारी बसवलं. "पाणी पी. सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको." मग ती पाटलीणबाईंकडे वळली. "हं. आता आणा कोरफड. आणि भाकरीही आणा. आजची चालेल मला."

हलवायाला चावडीवर नेलं. कढई थंड पडली. पाटील पुढे वर्षभर कुरकुरत होते, की बारशाला गुळाचा खडा काय वाटायचा. पण रीत बदलली. किंकाळी आली, की जातं थांबवायचं आणि दार उघडायचं. शिवाय परगावची मुलगी कुणाकडे कामाला आली, की पहिल्या दिवशीच दोघींनी जाऊन तिला भेटून यायचं, आणि पुढेही न सांगता अधूनमधून डोकवायचं. बरं दिसो की न दिसो.

पीठ जाडंभरडं झालं. दात नसलेली मंडळी गाव सोडून गेली.

तात्पर्य: भाजलेल्या हाताला कोरफड जरूर लावा, पण त्याही आधी, हात भाजण्यापूर्वी, जातं थांबवून दार ठोठावा.

आता कबुली. कारल्याच्या भीतीनं सांगतो. यातलं एकच मी रचलेलं आहे: चाळीस खुंटे. ते एकोणचाळीसच होते. चाळिसाव्या घरातल्यांनी "आमचा अगदी घट्ट बसलाय हो," म्हणून दिला नाही, आणि त्यांचं जातं त्या दुपारी शेवटपर्यंत घरघरत होतं. आम्ही काहीच ऐकलं नाही, असं ते आजही शपथेवर सांगतात.

मला कसं ठाऊक? आमच्या घरची भाकरी फार मऊ झाली होती हो त्या दिवशी.